पोटगीचा कागद कुठे अडतो?



पोटगी म्हटलं की आपल्या सभांमध्ये शाहबानोपासून सुरुवात होते. 1985 चा निकाल, 1986 चा कायदा, 2001 चा डॅनियल लतिफी खटला. मग 10 जुलै 2024 ला मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम 125 चा आधार आहेच. हे तुम्हाला पाठ आहे. मी आज मुलांच्या पोटगीबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही कायद्यापेक्षा कागदाबद्दल जास्त.

मुलांच्या हक्काचा वाद 1997 मध्येच मिटला. नूर सबा खातून प्रकरणात न्यायालय म्हणालं, 1986 च्या कायद्यातल्या दोन वर्षांच्या तरतुदीमुळे मुलांचा हक्क कमी होत नाही. मुलांना सज्ञान होईपर्यंत आणि मुलीला लग्न होईपर्यंत बापाने पोसायचं आहे. शरियतही बापाला यातून मोकळं करत नाही. नफका हा शब्द आपल्या घरांत काही नवा नाही. तरी पैसे पोचत नाहीत.

समजा, आई दोन मुलांना घेऊन भिवंडीत माहेरी आहे. आदेश भिवंडीच्या कोर्टाचा. बाप पुण्यात गाडी चालवतो. कायदा म्हणतो, आदेशाची प्रत तिला फुकट द्या, आणि तो जिथे असेल तिथल्या कुठल्याही मॅजिस्ट्रेटकडून वसुली करा. वाचायला छान आहे. प्रत्यक्षात ती नकलेसाठी खेटे घालते, वसुली अर्ज करते, वॉरंट निघतं आणि पुण्याच्या पोलीस ठाण्याकडे रवाना होतं. काही आठवड्यांनी शेरा येतो: ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ कधी तोही येत नाही. पुढची तारीख. ती शिलाईकाम करत असेल तर त्या दिवसाचा रोज बुडतो. मग कारकून हळूच सुचवतात, ‘ताई, तुम्हीच जाऊन चौकशी करा ना.’ म्हणजे एका सरकारी कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कागद नेण्याचं काम शेवटी तिच्याच अंगावर पडतं. त्यात एक अट आहे: रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.

अमेरिकेत आई एका राज्यात आणि बाप दुसऱ्या राज्यात, ही नेहमीची गोष्ट. तिथे मुलांच्या पोटगीसाठी 1975 पासून केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे. त्याच्या पोर्टलवर राज्यांच्या यंत्रणा एकमेकींना कागद थेट पाठवतात: आदेशाची प्रत, किती पैसे आले त्याचा हिशेब. पगारातून कपात करण्याचा आदेशही मालकाकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जातो. आईला फाइल बगलेत मारून फिरावं लागत नाही. अर्थात तिथेही अब्जावधी डॉलर थकलेले आहेत. बाप बेकार असेल तर कुठलंही पोर्टल त्याच्या खिशात पैसे घालत नाही. पण कागद टपालात अडकला म्हणून मूल उपाशी, हे तरी टाळता येतं.

आपल्याकडे हे अशक्य आहे का? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘फास्टर’ नावाची व्यवस्था सुरू केली. जामिनाचा आदेश तुरुंगापर्यंत उशिरा पोचतो म्हणून तो सुरक्षित इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायचा. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांना जोडणारी आयसीजेएस ही प्रणालीही आहे. मग भिवंडीचं पोटगीचं वॉरंट पुण्याच्या ठाण्याला त्याच दिवशी का दिसू नये? नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा असलेलं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावता येतं, मात्र राज्याने केलेल्या नियमांप्रमाणे. आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो, पण ते 60 दिवस नोटीस बजावल्यापासून मोजतात. नोटीसच बजावली गेली नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

एका बाबतीत मात्र मी घाई करणार नाही. मारहाणीला कंटाळून निघालेल्या बाईचा पत्ता फाइलबरोबर फिरू लागला, तर तो नवऱ्याच्या हाती लागायला किती वेळ? अमेरिकेच्या नोंदींत अशा प्रकरणांवर कौटुंबिक हिंसेची खूण करतात, आणि मग पत्ता सहज बाहेर दिला जात नाही. आपण मागणी करू तेव्हा ही खूण पहिल्या दिवसापासून मागायची. नंतर जोडू म्हणालो तर कोणी जोडणार नाही.

1966 मध्ये हमीदभाई दलवाई सात बायकांना घेऊन विधान भवनावर गेले, ते कायदा बदलावा म्हणून. आपलं काम त्यापेक्षा रूक्ष आहे, हे मला मान्य आहे. मोहल्ल्यात अशी केस असेल तर निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले आणि आदेशाची प्रत आजच स्कॅन करून ठेवा. निकाहनामा उर्दूत असेल तर भाषांतर आधीच करून घ्या, ऐन तारखेला धावाधाव नको. केसचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून घ्या आणि ई-कोर्ट्‌स ॲपवर तारीख बघायला तिला शिकवा, तुम्हीच बघत बसू नका. बापाच्या मालकाचं नाव आणि पत्ता कळला तर तोही वसुली अर्जात घाला. आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.