भरवशाची मोटार

मोटार घेऊं पाहणाऱ्या गृहस्थास विक्रेता तिचा वेग सांगतो, मुलें तिचा रंग पाहतात, आणि घरांतील वडील मंडळी मात्र एकच प्रश्न करतात : “गाडी भरवशाची आहे ना?” प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें उत्तर काळाबरोबर किती बदलत गेलें, हें मुंबईच्या मोटारींच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. प्रारंभीं तेथें क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढें इटलीच्या फियाटशीं करार झाला आणि १९५४ च्या सुमारास ‘फियाट ११००’ कुर्ल्याहून बाहेर पडूं लागली. त्याच सुमारास शिवडीचा जनरल मोटर्सचा, १९२८ पासून चाललेला, जोडणीचा कारखाना बंद झाला. कारण सर्व मोटार येथेंच बनविण्याची ज्यांची तयारी नव्हती त्यांना सरकारनें थारा दिला नाहीं. अशा रीतीनें मध्यमवर्गीय कुटुंबापुढें मुख्यतः तीनच नांवें उरलीं : कुर्ल्याची फियाट, बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड.

पहिल्या फियाटला मुंबईकरांनीं ‘डुक्कर’ हें नांव दिलें, तें तिच्या गोल पाठीमुळें व पुढें आलेल्या नाकामुळें. तींत निंदा नव्हती; मराठी माणूस ज्या वस्तूवर लोभ करतो तिला टोपणनांव दिल्यावांचून राहत नाहीं. हिचीं पुढचीं दारें उलट्या बाजूनें उघडत, आणि नवख्या पाहुण्यास आंत कसें बसावें हें शिकवावें लागे. पुढें कोरीव कडांची नवी आकृति आली. इटलींत १९६२ सालीं निघालेली ही आकृति तेथें चारपांच वर्षांतच मागें पडली. कुर्ल्यास मात्र ती शतक संपेपर्यंत चालली, आणि १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला जोडलेला असल्यामुळें पुढील बैठक सलग राहत असे, व दोघांच्या मध्यें एखादें मूल सहज मावे. एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें एवढा एक गुण पुष्कळ होता.

तिची खरी परीक्षा मे महिन्यांत खंडाळ्याच्या घाटांत होई. दादरहून पहाटे निघालेलें कुटुंब ऊन चढतां चढतां घाटास लागे. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असे. इंजिन तापलें कीं पंपांतील व नळींतील पेट्रोलची वाफ होई. द्रव ढकलण्यासाठीं केलेल्या पंपाला वाफ ढकलतां येत नसे, आणि गाडी दोन आचके देऊन निमूटपणें थांबे. मग थोरला मुलगा उतरून मागच्या चाकाखालीं दगड लावी, गृहस्थ बॉनेट उघडीत, आणि गृहिणी फराळाच्या पिशवींतून जुनें फडकें व पाण्याचा डबा काढून देत. ओलें फडकें पंपाभोंवतीं गुंडाळलें कीं पाणी उडून जातांना उष्णता घेऊन जाई, वाफेचें पुन्हा पेट्रोल होई व गाडी चालूं लागे. ही युक्ति कोणत्याहि पुस्तकांतून शिकलेली नसे. ती बापाकडून मुलाकडे आलेली असे. घाटांतील शिंग्रोबाच्या देवळापाशीं नाणें टाकण्यासाठीं ड्रायव्हर थांबत, त्या श्रद्धेनें इंजिनालाहि घटकाभर विसांवा मिळे.

घाटाबाहेरचे उपचारहि तसेच घरगुती असत. पावसाळ्यांत सकाळीं गाडी सुरू झाली नाहीं, तर प्रथम प्लग काढून पुसावेत, मग पॉइंट बारीक काचकागदानें घासावेत, मग कार्बोरेटरची जेट फुंकून पाहावी. आणि एवढ्यानेंहि साधलें नाहीं, तर शेजारच्यांस ढकलण्यास बोलवावें. अनेक गृहस्थांची रविवारची सकाळ अशीच जाई. फरशीच्या पत्र्यास गंज लागे, तो मात्र कोणालाहि आवरत नसे.

एवढें असूनहि या गाडीला लोक भरवशाची म्हणत, ही गोष्ट आजच्या तरुणास विलक्षण वाटेल. पण तेव्हां भरवशाची गाडी म्हणजे न थांबणारी गाडी नव्हे. ती थांबणार हें ठाऊक असे. परंतु कोठें, कां व किती वेळ थांबणार हेंहि ठाऊक असे. जें बिघडे तें डोळ्यांना दिसे, आणि साताऱ्याच्या किंवा चिपळूणच्या कोणत्याहि मेस्त्रीजवळ त्याचा सुटा भाग व त्याची अक्कल दोन्ही असत.

या आठवणींत गोडवा पुष्कळ आहे, परंतु त्यानें फसून जाण्याचें कारण नाहीं. गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. १९६९ सालीं तर सरकारला कायद्यानें किंमती बांधून द्याव्या लागल्या. नवी गाडी हातीं आली कीं दारें नीट लागत आहेत कीं नाहींत, पाणी आंत येतें कीं काय, हें मालकानेंच पाहावें, कारण ग्राहक दाराशीं रांगेत उभा असतां कारखानदारास सुधारणेची घाई कशाला असावी? निवड नसलेल्या माणसाच्या समाधानास पसंती म्हणणें बरोबर नाहीं.

ती निवड १४ डिसेंबर १९८३ रोजीं आली. त्या दिवशीं इंदिरा गांधींच्या हस्तें पहिल्या ‘मारुति ८००’ ची किल्ली तिच्या मालकास देण्यांत आली. जपानच्या सुझुकीच्या साहाय्यानें बनलेलें तें तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरचें इंजिन पुढचींच चाकें फिरवी; त्यामुळें मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा गेला व एवढ्याशा गाडींत चौघांना जागा झाली. जुन्या मालकांनीं तिच्या पातळ पत्र्यास काड्यापेटीची उपमा दिली. मेस्त्री म्हणत, ही घाटांत टिकायची नाहीं. ती टिकली, इतकेंच नव्हे, तर सकाळीं पहिल्याच किल्लीस सुरू होऊं लागली. ज्या सासूबाई जन्मभर मागच्या बैठकीवर बसल्या, त्यांच्या सुना कोणाचीहि वाट न पाहतां स्वतः गाडी काढून कामास जाऊं लागल्या. पॉइंट घासण्याची विद्या न शिकतां मोटार चालवितां येते, हा या गाडीनें केलेला मोठा बदल होय, आणि त्याचें पुरेसें कौतुक अजूनहि झालेलें नाहीं.

पद्मिनी त्यानंतर खासगी घरांतून हळूहळू गेली, पण काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईच्या रस्त्यांवर राहिली. टपावरच्या लोखंडी जाळीवर गांवाकडच्या ट्रंका, गाद्या व वेळप्रसंगीं सायकलीहि बांधून ती दादर-बोरीबंदरच्या फेऱ्या करी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईंत ती टॅक्सी म्हणून उरली नाहीं. अखेरच्या वर्षांत ड्रायव्हरांची तक्रार इंजिनाविषयीं नव्हती. कारखाना बंद झालेला, जुने मेस्त्री थकलेले, आणि सुटे भाग बाजारांत मिळेनासे झालेले. एका गाडीचें दार किंवा गिअरचा दांडा मोडला, तर तो भंगारांत गेलेल्या दुसऱ्या पद्मिनीच्या अंगावरून काढून आणावा लागे.