दान, व्यापार आणि बालकांचे आरोग्य



डॉक्टरांच्या संघटनांनी बालआरोग्यासाठी कंपन्यांचा पैसा घ्यावा का, हा आजचा विषय. हा प्रश्न मोठ्या लोकांचा वाटेल. परंतु उद्या आपली संस्था मुलांचे आरोग्य शिबिर भरवील, तेव्हा मंडपावर कोणाचा फलक लावायचा हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे सांगितले. म्हणजेच पैसा कोठून येतो, हा प्रश्न धम्माबाहेरचा नाही.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही तेथील बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना. मुलांना गोड पेये देऊ नका, असे सांगणाऱ्या या संघटनेला कोका-कोला कंपनीकडून काही वर्षांत सुमारे ३० लाख डॉलर मिळाले. २०१५ साली त्यावर टीका झाली आणि संघटनेने तो संबंध संपविला. पैसे घेऊन डॉक्टर खोटे बोलले, असा माझा आरोप नाही. खाल्ल्या मिठाला जागणे हा चांगला गुण आहे. पण डॉक्टराने जागायचे ते बालकाला.

दुधाच्या पावडरीचा इतिहास याहून कठोर आहे. बाळंतिणीला फुकट डबा द्यायचा. बाळ अंगावर कमी पिऊ लागले की आईचे दूध आटते, मग डबा विकत घ्यावाच लागतो. गरीब आई तो पुरविण्यासाठी जास्त पाणी घालते. पाणी अशुद्ध असले तर बाळाला हगवण लागते. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने या विक्रीसाठी आचारसंहिता संमत केली. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला. २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला: शिशुआहाराच्या उत्पादकांनी डॉक्टरांना किंवा त्यांच्या संघटनांना परिषदा, चर्चासत्रे वा संशोधन यांसाठीही पैसा देऊ नये.

मग कंपन्यांनी काहीच करू नये काय? तसे नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली, की हा भार मुख्यतः शासनाने उचलावा. परंतु स्त्रियांच्या श्रमातून लाभ घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा. १९२९ साली तो कायदा झाला. तो वाटा म्हणजे मेहेरबानी नव्हे, कर्तव्य होते. त्यात जाहिरातीला जागा नव्हती.

विद्यार्थी मित्रहो, देणगी घेताना तीन प्रश्न विचारा. देणाऱ्याचा माल मुलांच्या पोटात जातो काय आणि तो डॉक्टरांच्या शब्दावर खपतो काय? देणगीच्या अटी प्रत्येक सभासदाला वाचायला मिळतील काय? आपले नाव मालाच्या वेष्टनावर छापले जाणार काय? पहिल्याचे किंवा तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, अथवा दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर हात जोडून नकार द्यावा. एखाद्याने विनाअट वजनकाटा दिला, तर आनंदाने घ्यावा आणि हिशेबात नोंदवावा.

शिबिर लहान झाले तरी चालेल. त्यात दिलेला सल्ला मात्र विकलेला नसावा. आई आपल्या शब्दावर विश्वास ठेवून घरी जाते. तो विश्वास हेच आपले भांडवल आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.