झाशीचा वेढा आणि पडद्यावरची राणी

ऐतिहासिक युद्धपटाविषयी आपल्याकडील सुशिक्षित समीक्षकाचे एक मत जणू ठरूनच गेलेले आहे. तोफा धडाडल्या, घोडे उधळले, तलवारींचा खणखणाट झाला की तो म्हणतो, ‘देखावा डोळे दिपवणारा आहे, पण या धुराळ्यात माणूस हरवला.’ झाशीच्या राणीवरील चित्रपटांच्या वाट्याला हा अभिप्राय वारंवार आला. सोहराब मोदी यांचा १९५३ सालचा ‘झाँसी की रानी’ असो की २०१९ सालचा ‘मणिकर्णिका’ असो, लढाई थोडी कमी करून राणीच्या अंतरंगाला अधिक जागा द्यावयास हवी होती, असा त्या टीकेचा मथितार्थ. ऐकताना हे म्हणणे पटण्यासारखे वाटते. परंतु झाशीच्या बाबतीत ते लागू पडत नाही.

मोदींच्या चित्रपटाचा थाट मोठा होता, यात शंका नाही. टेक्निकलर पद्धतीने निघालेला पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची ख्याती आहे. ‘गॉन विथ द विंड’च्या छायालेखनाबद्दल ऑस्कर पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले अर्नेस्ट हॅलर त्यासाठी हॉलिवूडहून आले होते. संगीत वसंत देसाईंचे. राजगुरूंची भूमिका खुद्द मोदींनी केली आणि राणीची त्यांच्या पत्नी मेहताब यांनी. एवढे करूनही चित्रपट चालला नाही. मेहताब या भूमिकेला वयाने प्रौढ दिसतात, हा आक्षेप मान्य करावयास हरकत नाही. लक्ष्मीबाईंचे जन्मवर्ष कोणी १८२८ मानतात, कोणी १८३५. यांतील कोणतेही धरले तरी झाशीच्या वेढ्याच्या वेळी त्यांनी तिशी गाठलेली नव्हती. पण वयाचा आक्षेप वेगळा आणि लढाई फार झाली हा आक्षेप वेगळा. दुसरा तपासावयाचा तर सिनेमागृहाबाहेर पडून झाशीच्या तटापाशीच गेले पाहिजे.

ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ साली बांधलेल्या या किल्ल्यापुढे सर ह्यू रोझ याची फौज २१ मार्च १८५८ रोजी येऊन थडकली. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. मधल्या दिवसांत झाशीत काय घडले, याचा एक अस्सल मराठी साक्षीदार आहे. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि नेमके या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. गोडसे भिक्षुक होते. युद्धशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणूनच की काय, त्यांच्या लिहिण्यात लढाई सरदारांच्या भाषणांतून दिसत नाही; ती गोळ्यांच्या आवाजातून, अन्नपाण्याच्या ओढाताणीतून आणि माणसांच्या भीतीतून दिसते. दिवसा गोळ्यांनी तटाला खिंडार पडावे, रात्री अंधारात गवंड्यांनी चढून ते बुजवावे आणि उजाडताच पुन्हा तोफ सुरू व्हावी, असा तो क्रम होता. इंग्रजांच्या वृत्तांतांतही तटावर दारूगोळा वाहणाऱ्या, पडझड दुरुस्त करणाऱ्या आणि सैनिकांना अन्नपाणी पोचविणाऱ्या बायकांची नोंद आहे. शत्रूने केलेली ही नोंद स्तुतीसाठी केलेली नव्हती.

आता राणीचे ‘अंतरंग’ या सगळ्यातून वेगळे काढून कोठे शोधावयाचे? २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. दत्तकविधान इंग्रजांनी मानले नाही आणि पुढच्याच वर्षी संस्थान खालसा झाले. त्यानंतर अर्ज, वकील, पुन्हा अर्ज अशी जी कागदी लढाई झाली, तिच्यातही बाईसाहेब हटल्या नाहीत. परंतु अर्जाची भाषा वकिलाची असते. तोफखान्यावर गुलाम गौसखानासारख्या गोलंदाजाला नेमणे, खिंडाराची रात्री निगराणी करणे, मदतीला आलेल्या तात्या टोपे यांची फौज १ एप्रिलला बेतवेच्या काठी मोडली तरी शहराचा धीर सुटू न देणे, हे मात्र त्यांचे स्वतःचे. कादंबरीतील नायिकेचा स्वभाव तिच्या मनोगतातून उलगडत असेल. या बाईचा स्वभाव तिच्या हुकमांतून उलगडतो. समीक्षक ज्याला देखावा म्हणून बाजूला सारतो, तेथेच तो माणूस आहे.

याचा अर्थ या चित्रपटांचे सारेच बरोबर, असा नव्हे. समीक्षकाला खुपणारी दुसरी गोष्ट म्हणजे किल्ल्याच्या तटावरून घोड्यासह मारलेली उडी. झाशीच्या किल्ल्यात ही जागा आजही दाखवितात आणि पाहणारा खाली डोकावून अवाक् होतो. उडीची कथा लोकांनी श्रद्धेने जपली आहे. तिला इतिहासाचा आधार मागू नये हेच बरे. पण उडीवर हसणारा समीक्षक तिच्यानंतरचे विसरतो. ४ एप्रिलच्या रात्री बाईसाहेब दत्तक मुलाला घेऊन मोजक्या स्वारांसह वेढ्यातून निसटल्या. भांडेर येथे पाठलाग करणारा लेफ्टनंट डाउकर जखमी होऊन मागे फिरला. तेथून पुढे त्यांनी काल्पी गाठली, जवळजवळ शंभर मैलांची मजल. उडी क्षणाची, ही दौड हाडे खिळखिळी करणारी. पडद्यावर पहिलीला संगीतासकट पुरेपूर जागा मिळते आणि दुसरी दोनचार चित्रांत आटोपते. तेव्हा तक्रार करावयाची तर ती साहस फार झाले अशी नव्हे, खरे साहस पुरते दाखविले नाही अशी करावी.

तेच खिंडाराचे. समशेर फिरविणारी नायिका दाखविणे दिग्दर्शकाला सोपे जाते. विटा हातोहात पोचविणाऱ्या बायकांची रांग दाखविणे अवघड, कारण तिच्यात नायिका कोठे आहे हे प्रेक्षकाला चटकन कळत नाही. आणि शहर पडल्यावरची कत्तल, लूट, राजवाड्यातील जमविलेल्या ग्रंथांची झालेली धूळधाण? गोडसेभटजी त्या ग्रंथांसाठी हळहळले आहेत. गंगाधररावांना नाटकाचा मोठा शौक. त्यांच्या पदरी नाट्यशाळा होती. पोथ्या आणि नाटके यांनी गजबजलेले असे हे गाव होते, हे आधी दिसल्याशिवाय त्याचा विध्वंस मनाला भिडणार कसा?

गोडसेभटजींनी पुढे काल्पीच्या वाटेवरचा एक प्रसंग सांगितला आहे. पहाटे एका विहिरीवर काही स्वार आले. सर्वांचा पोशाख पठाणी, अंग धुळीने माखलेले. त्यांत बाईसाहेब होत्या. तहानेने जीव कासावीस झालेला. भटजी पाणी शेंदून द्यावयास पुढे झाले, तर ‘तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही कशाला’ अशा अर्थाचे बोलून त्यांनी स्वतःच पाणी काढले आणि ओंजळीने प्याल्या. विधवा बाईला अर्धा शेर तांदूळ पुरला असता, तरी हे आरंभिले आणि देवाने यश दिले नाही, अशी खंत त्यांनी बोलून दाखविली. समीक्षकाला हवे असलेले अंतरंग ते हेच, आणि ते लढाईच्या बाहेर नाही. पराभवाची धूळ अंगावर असताना ते शब्द आलेले आहेत. ती धूळ अंगावर कशी चढली, हे जो चित्रपट अगोदर घटका अर्धघटका धीराने दाखवील, त्यालाच ही विहीर दाखविता येईल.