सोयाबीनच्या मेणबत्तीची पारख

सातपुड्याच्या पायथ्याशीं, बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागांत, जळगांव जामोद हें तालुक्याचें गांव आहे. खानदेशांतील जळगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून शेजारच्या जामोद गांवाचें नांव त्याला जोडून घेतात. दसऱ्याच्या सुमारास येथील बाजारांत दोन पिकांचे ढीग दिसूं लागतात. एक कापसाचा, दुसरा सोयाबीनचा. कापूस या मातीला जुना आहे. सोयाबीन त्या मानानें नवें. १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत गांधीजींनीं सहकाऱ्यांच्या जेवणांत सोयाबीनचा प्रयोग करून पाहिला, तेव्हां वऱ्हाडांतील शेतकऱ्यास हें धान्य फारसें ओळखीचें नव्हतें. आज तेंच खरिपाचें एक मुख्य पीक होऊन बसलें आहे. या दोन्ही पिकांचा संयोग एका लहानशा वस्तूंत होतो, ती म्हणजे मेणबत्ती. मेण सोयाबीनच्या तेलाचें आणि वात कापसाची. अशी सुगंधी मेणबत्ती घरीं कशी करावी, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे ती नीट साधली कीं नाहीं हें कसें पारखावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सोयाबीनमध्यें शेकडा १८ ते २० भाग तेल असतें. हें तेल पातळ. त्याचें मेण कसें होतें, असा प्रश्न सहज उद्भवतो. वनस्पती तूप ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना याचें उत्तर अर्धें ठाऊकच आहे. तेलांतून निकेल धातूच्या सान्निध्यांत हायड्रोजन वायु दाबाखालीं सोडला, म्हणजे तो तेलाच्या कणांशीं जोडला जातो आणि तेल घट्ट होतें. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनीं या क्रियेचा पाया घातला व त्याबद्दल त्यांना १९१२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनीं तीच क्रिया तेलांना लागू केली. वनस्पती तुपापेक्षां ही क्रिया पुढें नेली कीं हातांत धरतां येईल असें पांढरें मेण तयार होतें. सोयाबीनच्या मेणाची मेणबत्ती अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत मायकेल रिचर्ड्स यांनीं १९९१ च्या सुमारास केली, आणि तेथून ती जगभर पसरली.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरच्या सोयाबीनचें मेण घरच्या चुलीवर होत नाहीं. हायड्रोजन, दाब आणि निकेल हें कारखान्याचें काम आहे. तेव्हां मेणाचे तुकडे विकतच आणावे लागतात. तरी हिशेब लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एका क्विंटल सोयाबीनमधून सुमारें १८ किलो तेल निघतें. १८० ग्रॅमची एक मेणबत्ती धरली तर त्यांत अदमासें १०० मेणबत्त्यांचें मेण झालें. २०२४-२५ च्या हंगामासाठीं सरकारनें सोयाबीनला क्विंटलमागें ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता. आपल्या शिवारांतलें पीक मेण होऊन परत येतें तेव्हां त्यावर दुसऱ्यांच्या कामाची किंमत चढलेली असते. मेणबत्ती करणाऱ्याच्या हातीं उरतें तें शेवटचें काम. म्हणून तें काम चोख झालें पाहिजे.

आतां वातीचा विचार. वाती वळणें हें वऱ्हाडांतील घरोघरच्या बायकांच्या हातचें काम आहे. म्हणून पहिला मोह असा होतो कीं समईची वातच मेणांत घालावी. ती चालत नाहीं, आणि कां चालत नाहीं हें समजून घेण्याजोगें आहे. समईंत तेल आधींच पातळ असतें. वातीनें तें फक्त वर ओढावयाचें असतें. मेणबत्तीची ज्योत मात्र आपलें खाद्य स्वतःच वितळवून घेते. वात बारीक असेल तर पुरेसें मेण वितळत नाहीं. जाड असेल तर गरजेपेक्षां अधिक वितळतें व धूर होतो. शिवाय पिळाची वात सरळ उभी राहते, तिच्या टोकाला काजळ सांचतें व तें वारंवार कापावें लागतें. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्यें कांबासेरेस यानें वेणीसारखी विणलेली वात काढली. ती जळतांना एका बाजूस वांकते, तिचें टोक ज्योतीच्या कडेला येतें आणि तेथें हवा मिळून जळून जातें. म्हणून मेणबत्तीला विणलेली सुती वातच घ्यावी, आणि एका जाडीची न घेतां तीन जाडींची आणावी. कां तें पुढें येईल.

सुगंधासाठीं फार दूर जावयास नको. सातपुड्यांत रोशा नांवाचें गवत वाढतें. खानदेश, निमाड आणि बैतूल या भागांत त्याचें तेल काढण्याचा धंदा जुना आहे. या तेलांतील मुख्य द्रव्य जिरॅनिऑल. त्याचा वास गुलाबाच्या जवळचा असल्यामुळें पूर्वीं हें तेल मुंबई बंदरांतून तुर्कस्तानकडे जाई व तेथें गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. गवती चहाचें तेलहि चालतें. मात्र तेल मेणबत्तीसाठीं योग्य आहे अशी विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. पाण्यांत किंवा अल्कोहोलमध्यें केलेलें अत्तर मेणांत कधीं घालूं नये.

कृति थोडक्यांत अशी आहे. मोठ्या पातेल्यांत पाणी तापत ठेवावें, त्यांत लहान भांडें ठेवून मेण वितळवावें. मेणाचें भांडें थेट आंचेवर ठेवूं नये, व तेथून उठून जाऊं नये. उष्णतामापक नळी जवळ असावी. मेण ८० ते ८५ अंश सेंटिग्रेडपर्यंत आलें कीं खालीं उतरवून त्यांत सुगंधी तेल घालावें आणि दोन मिनिटें संथपणें ढवळावें. प्रमाण मेणाच्या वजनाच्या शेकडा ६. म्हणजे १८० ग्रॅम मेणाला जवळजवळ ११ ग्रॅम तेल. चमच्यानें मोजूं नये, कांट्यावर तोलावें. मग मेण ६० अंशांच्या आसपास निवूं द्यावें आणि जाड कांचेच्या, जरा कोमट केलेल्या पेल्यांत ओतावें; वात मधोमध सरळ धरलेली असावी. मेणानें चुकून पेट घेतलाच तर पाणी टाकूं नये. आंच बंद करून झांकण घालावें.

एवढ्यानें मेणबत्ती झाली असें पुष्कळांस वाटतें, आणि येथेंच चूक होते. सोयाबीनचें मेण गोठलें तरी त्याची घडण आंतून चालू असते. तें पुरतें बसावयास व सुगंध त्यांत मुरावयास दोन आठवडे लागतात. लोणचें घातल्या दिवशींच कोणी पारखीत नाहीं, तसेंच हें आहे. पंधरा दिवस झांकून ठेवल्यावर खरी परीक्षा सुरू होते.

परीक्षेचा नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पेले एकसारखे, मेण एकाच पोत्यांतलें, तेलाचें प्रमाण तेंच. फक्त वाती तीन, बारीक, मध्यम आणि जाड. प्रत्येक पेल्याच्या तळाला अंक चिकटवावा आणि वहींत त्या अंकापुढें तारीख, वजन, ओततांनाचें तापमान आणि वातीची जाडी लिहावी. वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापावी. पंखा बंद, खिडकीचा वारा अडवलेला, पडदे आणि मुलें दूर, अशा जागीं तिन्ही पेले अंतरा-अंतरानें ठेवून पेटवावे आणि दर तासानें पाहावें.

सात सेंटिमीटर रुंदीच्या पेल्यांत सुमारें तीन तासांनीं वितळलेल्या मेणाचें तळें कडेपर्यंत पोंचावें. त्याची खोली एक सेंटिमीटरच्या आसपास असावी. तळें कडेला पोंचलें नाहीं व मधोमध विहीर पडूं लागली तर वात बारीक. ज्योत उंच होऊन नाचूं लागली, कांचेवर काजळी धरली, पेला हाताला सोसेना, तर वात जाड. चार तासांनीं विझवावी, पूर्ण गोठूं द्यावी, तोलून किती ग्रॅम जळलें तें लिहावें, वात पुन्हां कापावी आणि दुसरे दिवशीं तोच क्रम चालवावा.

पहिल्या दिवसाच्या निरीक्षणावर निकाल मात्र देऊं नये. मेण खालीं जाईल तसतशी कांचेची भिंत ज्योतीभोंवतीं उंच होते, उष्णता आंत कोंडते आणि शेवटच्या दिवसांत तीच वात अधिक जोरानें जळते. आरंभीं जी वात थोडी दुबळी वाटली ती अखेरीस बेताची ठरूं शकते. आरंभीं जी डौलानें जळली ती तळाशीं कांच तडकवूं शकते. धोका शेवटीं असतो, आणि तोंवर मेणबत्ती विकत घेणाऱ्याच्या घरीं पोंचलेली असते. म्हणून तळाला सेंटिमीटरभर मेण उरेपर्यंत प्रत्येक नमुना जाळून पाहिला पाहिजे. तेवढें मेण उरलें कीं ती पुन्हां पेटवूं नये, हें विकत घेणाऱ्यासहि लिहून द्यावें.

सुगंधाची पारख करणाऱ्यानें स्वतः करूं नये. तासभर त्याच वासांत बसलेल्या नाकाला तो वास उमगेनासा होतो, आणि मग तेल कमी पडलें असें वाटून पुढच्या खेपेला प्रमाण वाढवण्यांत येतें. वाढवलेलें तेल मेणांत सामावत नाहीं. तें घामासारखें वर येतें, वात तुंबते, आणि वर आलेलें तेल पेट घेण्याचा संभव असतो. त्यापेक्षां बाहेरून आलेल्या शेजारणीस दारांत उभें करून विचारावें. तेल बदललें तर वातीची परीक्षा पुन्हां पहिल्यापासून करावी, कारण प्रत्येक तेलानें मेणाचें जळणें थोडें बदलतें. सोयाबीनच्या मेणाला धूरच नसतो असें जें सांगतात तें खरें नव्हे. वात लांब ठेवली तर कोणतेंहि मेण काजळी धरतें. तसेंच पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटली तर घाबरूं नये. ती या मेणाच्या स्फटिकांची आहे, जळण्यास त्यानें बाध येत नाहीं.

आतां शेवटची आणि या गांवाची स्वतःची परीक्षा. पेल्यांत ओतावयाचें बहुतेक सोयामेण ४६ ते ५४ अंशांत वितळतें. आयोवांत ही अडचण नव्हे. घाटाखालीं मे महिन्यांत सावलींतला पारा चाळिशीच्या वर चढतो आणि पत्र्याखालच्या खोलींत त्याहून अधिक ऊन भासतें. थंड देशांत लिहिलेलें प्रमाण येथें जसेंच्या तसें धरलें, तर पेटवण्याआधींच मेणबत्ती मऊ पडते, तेल सुटतें, आणि नांदुऱ्याच्या किंवा खामगांवच्या एस. टी. प्रवासांत वात कलंडते. म्हणून तयार झालेली एक मेणबत्ती भर दुपारीं घरांतल्या सर्वांत तप्त खोलींत ठेवावी व संध्याकाळीं पाहावी. ती मऊ पडली तर थोडें मधमाशांचें मेण किंवा स्टिअरिक आम्ल मिसळतां येतें. पहिलें ६२ ते ६४ अंशांत वितळतें, दुसरें सुमारें ६९ अंशांत. परंतु मिश्रण कठीण झालें कीं ठरलेली वात अपुरी पडेल. वहीचें नवें पान उघडून वातीची परीक्षा पुन्हां मांडली पाहिजे.

रात्रीं मांडून सकाळीं पाहण्याची रीत या तालुक्यास नवी नाहीं. जवळच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळीं घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे पिकापाण्याचें भाकीत ऐकावयास दूरदूरचे शेतकरी जमतात. तेथें वर्षांतून एकदां पाहावयाचें असतें. मेणबत्तीची मांडणी मात्र चुकली तर पुन्हां करतां येते, आणि करावीच लागते.

त्याला किती काळ लागतो, याचा हिशेब आधींच करावा. ताशीं सुमारें ६ ग्रॅम मेण जळतें असें धरलें तर १८० ग्रॅमला ३० तास लागतात. रोज चार तास म्हणजे आठ दिवस. त्यांत मुरण्याचे पंधरा दिवस मिळवले कीं एक फेरी तीन आठवड्यांहून थोडी अधिक झाली. वातीची एक, सुगंधाची एक, उन्हाळी मिश्रणाची एक, अशा तीन फेऱ्यांना जवळजवळ दहा आठवडे हवेत. दिवाळीच्या बाजारांत मेणबत्ती मांडावयाची असेल तर आषाढांतच पहिलें मेण वितळलें पाहिजे. घरांतली जी गृहिणी अश्विनांत मेण आणून धनत्रयोदशीला विकूं पाहते, ती आपली न पारखलेली मेणबत्ती दुसऱ्याच्या घरीं, दुसऱ्याच्या मुलांजवळ पेटवावयास देते. पहिल्या नऊ मेणबत्त्यांचा पैसा येत नाहीं; त्या जाळावयाच्याच असतात. तो खर्च दहाव्या मेणबत्तीच्या किंमतींत धरावा, आणि ती वही मात्र कोणास विकूं नये.