मैदानात कोणाला बोलावलं जातं?

(वडूज येथे वसतिगृहातील मुलं, पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



'आमच्या वेळचे खेळ' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असा विषय दिला की एक धोका असतो. तो 'आमच्या वेळी सगळं चांगलं होतं' असं म्हणायला लागतो. मी तसं म्हणणार नाही. आमच्या वेळी काय होतं ते सांगतो, आणि त्यात कोण नव्हतं तेही सांगतो. कारण आज आपण इथे जमलो आहोत ते त्या 'नसलेल्यां'साठीच.

आपली येरळा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कोरड्या नदीचा एक उपयोग असतो. तिच्या वाळूत पडलं तरी लागत नाही. सूर मारायला आम्ही तिथे शिकलो. शाळूची काढणी झाली, मळणी उरकली की रिकामी खळी आमच्या ताब्यात यायची. शेणाने सारवलेलं, चोपून घट्ट केलेलं खळं म्हणजे कबड्डीचं तयार मैदान. राखेने किंवा फक्कीने रेघा मारायच्या. मोजपट्टी नव्हती, पावलांनी मोजायचं. मध्यरेषा, निदान रेषा, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या झाल्या की खेळ सुरू. बाजूला आबा मंडळी बसलेली असायची. त्यांच्या तोंडी अजून 'हुतूतू' हाच शब्द होता. दम मोडला की डोळे मिटून बसलेला म्हातारासुद्धा ओरडायचा, "मोडला रं, मोडला!" पंच तोच.

स्पर्धा वजनी गटाच्या असत. वजन कुठे करायचं? किराणा दुकानाच्या काट्यावर, ज्वारीच्या पोत्याशेजारी. वजन जास्त भरलं तर पोरगं सकाळपासून उपाशी राहायचं आणि दुपारी परत काट्यावर चढायचं. संघाची बनियनं एका रंगाची असली तर तो मोठा संघ. पायात काही नसायचं, आणि ते कुणाला कमीपणाचं वाटायचं नाही, कारण कुणाच्याच पायात काही नसायचं.

या खेळाला पैसा कुठून यायचा? खटाव-माण हा दुष्काळी मुलूख. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर गेली. कुणी मुंबईच्या गिरण्यांत, कुणी सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर. गिरणगावात राहणारे आपले लोक तिथल्या मंडळांतून कबड्डी खेळायचे आणि यात्रेला गावी आले की नवे डाव घेऊन यायचे. १९८२च्या संपानंतर कित्येकांच्या गिरण्या सुटल्या, काही जण कायमचे गावी आले. गावच्या पोरांना चढाई कशी करायची, पकडीत साखळी कशी धरायची, हे त्यांनी शिकवलं. कुणी त्याचे पैसे घेतले नाहीत. संघ गावाचा होता, म्हणून शिकवणंही गावाचं होतं.

कुस्तीचंही तेच. आपल्या तालुक्यातली पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा घ्या किंवा लहानशा गावाचा उरूस घ्या, कुस्त्यांचा फड असतोच. आणि त्याची सुरुवात मोठ्या पैलवानांपासून होत नाही. आधी बारकी पोरं उतरतात, रेवड्यांवर, नारळावर. हरलेल्यालाही चार रेवड्या मिळतात. माझ्या मते फडातली सगळ्यात शहाणी पद्धत हीच आहे. उद्याचा पैलवान कोण, हे आज कुणालाच माहीत नसतं, म्हणून आज सगळ्यांना उतरवायचं.

अशाच मातीतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पुढे गेले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पदक एकाच्या गळ्यात पडलं, पण त्याच्या मागे किती हात होते ते बघा.

असं फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना मी 'पॅरिश' या शब्दाची व्याख्या पाठ केली होती. एका चर्चच्या देखरेखीखालचा गावांचा परिसर, म्हणजे पॅरिश. पुढे वाचनात आलं की आयर्लंड देशात हीच हद्द खेळाच्या संघाचीही असते. तिथे १८८४ साली थर्ल्स नावाच्या गावात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. इंग्रजांच्या राज्यात आपले देशी खेळ मरू नयेत, हा तिचा हेतू. हर्लिंग म्हणजे लाकडी काठीने चेंडू मारायचा त्यांचा जुना खेळ, आणि दुसरा गेलिक फुटबॉल. ज्या पॅरिशमध्ये राहता, साधारणपणे त्याच पॅरिशच्या क्लबकडून खेळायचं. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अंतिम सामन्याला ऐंशी हजारांवर लोक बसतात. तरी खेळाडूंना खेळण्याचा पगार नाही. रविवारी तिथे खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला जातो किंवा गाईंच्या धारा काढतो.

आणि त्यांची आजची अडचण ऐकली तर तुम्हाला खटाव-माणची आठवण होईल. खेड्यातली तरुण मंडळी शहरात, परदेशात निघून जातात. मुलांचा एक पुरा संघ उभा राहत नाही. मग शेजारशेजारचे दोन क्लब मिळून एक संघ करतात. वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध खेळलेली गावं एका रंगात उतरतात, पण खेळ बंद पडू देत नाहीत. आपल्याकडे मात्र पोरं कमी पडली की मैदानच बंद पडतं. त्यांनी शेजाऱ्याला बोलावलं. आपण कुणाला बोलावलं?

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. आमच्या खळ्यावरच्या खेळात कोण नव्हतं?

खाशाबांनी पदक जिंकलं ते १९५२च्या जुलैमध्ये. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आणखी एक गोष्ट घडली. इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. पारधी समाज त्यांतला एक. मूल जन्मलं की गुन्हेगार ठरलं, हजेरी द्यायची, वसाहतीच्या काटेरी तारेआड राहायचं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्या जिल्ह्याने एक पदक पाहिलं आणि पालावरच्या माणसाने कायद्यापुरतं स्वातंत्र्य पाहिलं. कायद्यापुरतं म्हणतो, कारण गावाच्या नजरेतला शिक्का पुढेही राहिला. खळ्याच्या रेघा तशाच होत्या, पण गावाबाहेर पाल टाकून राहिलेली पोरं त्या रेघांच्या बाहेर उभी राहून बघायची. त्यांना कुणी हाकललं नाही. बोलावलंही नाही.

मी शाळेत असताना आमच्या खो-खोच्या संघात मात्र एक पारधी मुलगा होता. एका गुरुजींनी त्याला पळताना पाहिलं आणि हाताला धरून आणलं. त्याला शिवणं कुणाला जमायचं नाही. खुंटाला वळसा घालताना तो इतका वाकायचा की त्याचा हात जमिनीला लागायचा. तालुक्याच्या स्पर्धेचे फॉर्म आले. वयोगट ठरवायला जन्मतारखेचा दाखला हवा होता. त्याचा जन्म पालावर झालेला, नोंद कुठेच नाही. गुरुजींनी चार ठिकाणी खेटे घातले. तारीख निघून गेली. संघ एसटीने गेला, तो स्टँडपर्यंत आमच्याबरोबर पळत आला. पुढच्या हंगामात त्यांचं पाल हललं. तो हरला नाही, बाद झाला नाही. त्याचं नाव यादीत आलंच नाही.

म्हणून मी पालकांना आणि कार्यकर्त्यांना कळकळीने सांगतो. मूल जन्मलं की २१ दिवसांच्या आत नोंद करा. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि खेटे वाढतात. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठीही जन्माचा दाखलाच लागतो. हा कागद आज नसला तर चौदा वर्षांनी मैदानाच्या दारात मूल थांबतं.

खो-खोबद्दल आणखी एक सांगायचं आहे. बाकी बऱ्याच खेळांत जो जोरात पळतो तोच पळत राहतो. खो-खोत तसं चालत नाही. पाठलाग करणाऱ्याला मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. कितीही चपळ असला तरी एका क्षणी त्याला बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून 'खो' म्हणावंच लागतं. मग बसलेला उठतो आणि हा त्याच्या जागी बसतो. आठ जण बसलेले असतात ते तमाशा बघायला नव्हे. प्रत्येकाचे पाय उठायच्या तयारीत असतात, कारण खो कधीही येऊ शकतो. मुलांनो, ज्याला कुणी खो दिलाच नाही तो बसूनच राहतो. त्यात त्याच्या पायांचा दोष नसतो.

आणि खो मिळाला की काय होतं, तेही आपल्या शेजारीच पाहा. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर. त्यांची सुरुवात खो-खोतूनच झाली. पुढे त्या लांब पल्ल्याच्या धावपटू झाल्या. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी त्यांनी गाठली आणि दहाव्या आल्या. १९८४ साली पी. टी. उषा यांनी गाठली होती, त्यानंतर ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत आदिवासी पाड्यावरच्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पाण्यासाठी मैलभर चालणारे पाय आपल्या प्रत्येक पाड्यावर आणि पालावर आहेत. त्यांना कुणीतरी 'खो' द्यावा लागतो, एवढंच.

आता आजची स्थिती. २०१४पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसते. खेळाडूंना पैसा मिळतो, मान मिळतो, याचा मला आनंद आहे. पण मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मॅटवर अनवाणी पायाचं काम नाही, बूट लागतात. मातीवर वाढलेलं मूल पहिल्यांदा मॅटवर उतरतं तेव्हा घसरतं, आणि लोक म्हणतात, याला जमत नाही. गावात खळी राहिली नाहीत, मळणी यंत्रावर होते. गायरानं आक्रसली. मोबाईलला शिव्या देणं सोपं आहे, पण मोबाईल हातातून ठेवून मूल जाईल कुठे, याचं उत्तर आपण द्यायला हवं.

मी मोठ्या योजना सांगणार नाही. चार कामं सांगतो, जी वडूजच्या आसपास या वर्षी करता येतील.

पहिलं, वसतिगृहात संध्याकाळचा एक तास खेळाचा. परीक्षा जवळ आली म्हणून तो कापायचा नाही. जे मूल वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतं, त्याचं नाव दिवसातून एकदा तरी मोठ्याने घेतलं जातं ते त्याच तासात.

दुसरं, शाळा सुरू होताच प्रत्येक मुलाचे कागद तपासायचे. स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. फॉर्म आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

तिसरं, मुली. मुलीला संध्याकाळी सुखरूप परत आणून सोडणारं कुणी नसेल तर आई तिला पाठवणार नाही, आणि त्यात आईचं चुकत नाही. सोडायला कोण जाणार, ते आपण आठवड्याच्या वारांप्रमाणे ठरवून घेऊ.

चौथं, संघ पुरा होत नसेल तर शेजारच्या गावाला आणि पालाला निरोप पाठवायचा. गावची मुलं आणि पालावरची मुलं एका बनियनात उतरू देत. कबड्डीच्या पकडीत साखळी धरावी लागते. ज्याचा हात एकदा धरला, त्याच्याविषयी नंतर घरी कुणी काही वाईट बोललं तर ते मूल गप्प बसत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वाचक मित्रांनो आणि देणगीदारांनो, तुम्ही वह्या देता, कपडे देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. या वर्षी कुणाला जमलं तर बुटांचे काही जोड द्या, एक वजनकाटा द्या, फक्कीचं एक पोतं द्या. आणि जमलं तर एक संध्याकाळ येऊन बाजूला बसा. दम मोडला की ओरडायला कुणीतरी हवं असतं.

मुलांनो, भाषण संपलं. उजेड अजून आहे. आज बाहेरच्या रेघेपाशी जो कुणी उभा असेल, त्याला आधी आत घ्या, मग संघ पाडा.