फ्रेमच्या मागचं नाव



आमच्या बचत गटाची मासिक बैठक आम्ही आळीपाळीने एकेकीच्या घरी घेतो. बचत गोळा होते, कर्जाचे हप्ते जमा होतात, रजिस्टरवर सह्या होतात. चहा येईपर्यंत नजर आपोआप भिंतीवर जाते. देवांच्या तसबिरी, घड्याळ आणि बहुतेक घरांत एक जुनी काचेची फ्रेम असतेच. कुठे मॅटीच्या कापडावर लोकरीने भरलेलं ‘सुस्वागतम्’, कुठे राजहंसांची जोडी, कुठे टिकल्यांचा मोर. यातल्या बऱ्याच वस्तू दुकानातून आलेल्या नसतात. त्या रुखवतातून आलेल्या असतात.

मागच्या बैठकीत अशाच एका मोराकडे बघून आम्ही म्हणालो, “वहिनी, असे मोर करून दिवाळीच्या स्टॉलवर ठेवले तर?” लगेच कापड किती, टिकल्या किती, असा हिशोबही सुरू झाला. वहिनी म्हणाल्या, “हा मोर माझ्या हातचा नाही. धाकट्या बहिणीने भरलाय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न ठरलं तेव्हा रुखवत विकत आणण्याइतके पैसे घरात नव्हते. बहीण दहावीला होती. दिवसा शेतातलं काम, रात्री मोर. शाळा सुटत गेली आणि परीक्षेचा फॉर्म भरायचा राहून गेला. पुढच्या वर्षी तिचंही लग्न लावून दिलं. “पिसाऱ्यात डावीकडे दोन टिकल्या कमी आहेत बघा,” वहिनी म्हणाल्या. “संपल्या होत्या. परत आणायला पैसे नव्हते. मोर बहिणीने केला, हे मी सगळ्यांना सांगते. त्यापायी तिची दहावी गेली, हे आज पहिल्यांदा सांगतेय.”

आमचा हिशोब तिथेच थांबला.

मग एकेक जण बोलू लागली. एकीच्या दारावरचं मण्यांचं तोरण आईने मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी, चाचपडत ओवलेलं. दुसरीच्या रुखवतावर ‘वधूच्या हातची कलाकुसर’ अशी पाटी होती, पण सगळं काम मावशीचं होतं. तिसरीने घराला रंग दिल्यावर फ्रेम माळ्यावर टाकली होती. ती म्हणाली, “आज घरी गेल्यावर खाली काढते.”

मैत्रिणींनो, आपण बायका घरं सजवतो, पण नाव घालत नाही. डहाणू-पालघरकडे वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ते काम परंपरेने सुवासिनींचं. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तो मान योग्यच आहे. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी त्या भिंती रंगवल्या, त्या बायकांची नावं कोणी लिहून ठेवली?

म्हणून त्या दिवशी आम्ही एक साधं काम केलं. मोराची फ्रेम खाली उतरवली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेनने लिहिलं: कोणी केलं, कोणासाठी, कोणत्या साली. आता दर बैठकीत ज्या घरी जाऊ तिथे हे करायचं, असं ठरलंय. तुम्हीही करा. करणारी हयात असेल तर तिलाच विचारून लिहा.

आणि रुखवताची ऑर्डर घेणाऱ्या गटांना एक सांगणं. किंमत ठरवताना नुसतं सामान मोजू नका, रात्रीचे तासही मोजा.

वहिनींनी तिथूनच बहिणीला फोन लावला. शाळा सुटलेल्यांना खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, हे आम्ही तिला सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, “विचार करते. पण आधी त्या दोन टिकल्या लावून टाका गं.”

वहिनी म्हणाल्या, “त्या नाही लावणार. ती जागा तशीच राहू दे.”