अंगणातली एकदांडी

घरापुढच्या थोड्याशा जागेत आम्ही हिरवळ लावली आणि तेव्हापासून पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी मी खुरपं घेऊन अंगणात बसतो. हिरवळीत एकदांडी उगवते. कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. जमिनीलगत पसरणारं खोड, खरखरीत पानं आणि वीतभर दांड्यावर एकच फूल. मध्ये पिवळं, कडेला फिकट पाकळ्या. रस्त्याच्या कडेला तुम्ही ती रोज पाहता.

ती काढायची तर पाऊस पडून गेल्यावर. ओल्या मातीतून मुळं अलगद येतात. कोरड्या मातीत खोड तुटतं आणि या खोडाला पेरापेरावर मुळं फुटत असल्यानं राहिलेला तुकडा नवा संसार मांडतो. शिवाय प्रत्येक बीला केसांची छत्री. वाऱ्याची झुळूक आली, की माझ्या अंगणातलं तण शेजाऱ्याच्या अंगणात! म्हणजे काढायला हवंच.

तरी हात थबकतो. विळा लागला की याच पानांचा रस जखमेवर पिळायचा, हे खेड्यात वाढलेल्यांना सांगावं लागत नाही. आणि इवलीशी फुलपाखरं येतात ती याच फुलांवर. नुसत्या गवतावर त्यांना काय मिळणार?

एक स्नेही म्हणाले, "उपटून टाका, परदेशी तण आहे ते." खरं आहे. एकदांडी मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. पण मिरची आणि बटाटाही अमेरिकेतलेच. ज्याच्याशिवाय दसऱ्याचं तोरण होत नाही, तो झेंडूही तिकडचा आणि एकदांडीच्याच कुळातला. आणि ज्या गवतासाठी तिला उपटायचं, ते रोपवाटिकेत विकत घेतलं तेव्हा त्याचं नाव होतं 'कोरियन'!

माझं नाव ऐकून "मूळचे कुठले?" असं विचारणारे भेटतात. मी गाव सांगतो, तालुका सांगतो. ते पुन्हा विचारतात, "तसं नव्हे, मूळचे?" त्यामुळे मूळ विचारून कुणाला उपटणं मला जमत नाही.

तण म्हणजे नको त्या जागी उगवलेलं रोप, एवढंच. हिरवळीतली एकदांडी मी काढतो, कारण तिथं गवत हवं आहे. कुंपणाकडेची पट्टी मात्र तिच्यासाठी सोडली आहे. तिथून बी उडतं, पुन्हा हिरवळीत रुजतं आणि माझं काम वाढतं. वाढू दे. रविवार तसाही मोकळाच असतो.